अवधानला न दिसलेला मेंढपाळ

१

अजिंठ्याच्या अलीकडं एक बंद पडलेला ढाबा आहे. त्या ढाब्यासमोर, लख्ख उन्हात, सूर्यभान नावाचा म्हातारा मेंढपाळ एका गाडीच्या धडकेनं जागच्या जागी गेला. महामार्गावर माणसं मरतात, आणि आता त्याचं फारसं कुणाला काही वाटतही नाही. पण ही गाडी साधी नव्हती. समोर माणूस आला तर चालकाच्या आधी आपणच ब्रेक मारायचा, या एका कामासाठी शेंद्र्याच्या एका कंपनीनं ती वर्षानुवर्षं खपून तयार केली होती.

तिच्यातल्या यंत्रणेचं नाव अवधान. महामार्गाला लागलं की अवधान सुरू करायचं. मग वेग तीच सांभाळणार, रस्त्यावरचा पट्टा तीच धरणार, पुढच्या गाडीशी अंतरही तीच राखणार. चालकानं नुसतं बसायचं आणि नजर ठेवायची. त्या दुपारीही अवधान सुरू होतं. धडकेच्या आधी तिनं काय टिपलं होतं, ते कंपनीनं पोलिसांना छापून दिलं: पुढचा रस्ता मोकळा.

गाडी म्हणते रस्ता मोकळा, आणि रस्त्यात माणूस मरून पडलेला. पोलिसांना उत्तर सोपं वाटलं. चालक संघपाल दाभाडे याच्यावर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला. कंपनीनं त्याला घरी बसवलं. आणि गाडीच्या विमा कंपनीनं स्वतःच्या खात्रीसाठी आपली सर्वेअर धाडली, सुलेखा पगारे.

सुलेखा पन्नाशी ओलांडलेली, अंगानं बारकी, बोलायला तिखट. अपघाताच्या गाड्या तपासण्यात तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं. तिची एक रीत होती. आधी पत्रा बघायचा, मग माणसं, आणि कागद सगळ्यात शेवटी. कागदाला पढवता येतं, चेपलेल्या पत्र्याला येत नाही, असं ती नव्या पोरांना सांगायची.

कंपनीच्या आवारात गाडी ताडपत्रीखाली होती. चाचण्यांचे प्रमुख राजेंद्र कुलथे स्वतः दाखवायला आले. कपडे इस्त्रीचे, चेहरा झोप न झालेला. पुढच्या जाळीत वाळक्या झेंडूची माळ अजून अडकलेली होती आणि तिच्याखाली हळदीकुंकवाची बोटं.

"दसऱ्याची पूजा," राजेंद्र ओशाळून म्हणाले. "मी नको म्हणत होतो. जाळीच्या मागं रडार असतं. त्यावर कुंकू गेलं असेल तर…"

"तर गाडी आंधळी झाली, असं?"

"शक्यता आहे. पण तरीसुद्धा चालकानं ब्रेक मारायलाच हवा होता. त्याला पगार त्याचाच होता." मग आवाज थोडा खाली आणून ते म्हणाले, "तुमच्या ओळखीतला असेल ना तो? दाभाडे?"

आडनावावरून ओळख काढायची ही तऱ्हा सुलेखाला नवी नव्हती. तिनं तिकडं दुर्लक्ष केलं आणि त्या दुपारच्या फेरीचं चित्रण मागितलं. फुलंब्रीच्या पुढं एक भटकं कुत्रं आडवं आलं होतं. गाडीनं आपणहून, चालकाचा पाय न लागता, व्यवस्थित ब्रेक मारला होता. कुत्रं शेपूट हलवत निघून गेलं होतं.

"कुंकू तेव्हाही होतंच की जाळीवर," सुलेखा म्हणाली.

कुत्र्यासाठी थांबलेली गाडी माणसासाठी का थांबली नाही, एवढाच प्रश्न आता उरला, आणि तो पूजेच्या ताटावर ढकलता येण्यासारखा नव्हता.

२

संघपालचं घर मुकुंदवाडीत, दोन खोल्यांचं, भिंतीवर बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर. त्याची बायको करुणा चहा ठेवायला आत गेली. तिचे डोळे रडून सुजलेले होते. जाताना ती हळूच म्हणाली, "ताई, ते जेवत नाहीत. गाडी चालवणं एवढंच येतं त्यांना. यात शिक्षा झाली तर लायसन पण जाईल."

संघपाल खुर्चीच्या टोकावर बसला होता. चाळिशीचा, धिप्पाड. वीस-बावीस वर्षांच्या ड्रायव्हिंगमध्ये त्याच्या हातून कधी कोंबडीसुद्धा मेली नव्हती, असं शेजारी सांगत होते.

"फोनवर होतात?" सुलेखानं विचारलं.

"नाही ताई. फोन डिक्कीतल्या बॅगेत होता. पोलिसांनी पण बघितलं."

"डुलकी?"

"दुपारी जेवतच नाही मी ड्यूटीवर. झोप येते म्हणून."

"मग?"

त्यानं तळहात मांडीवर पुसले. "तो म्हातारा रोजचा होता, ताई. ढाब्यासमोर, रेलिंगच्या आतल्या अंगाला, रस्त्याबाहेर उभा असायचा. मी हात करायचो, तो मान हलवायचा. नाव माहीत नव्हतं, मी आपलं त्याला आबा म्हणायचो मनात. पहिल्या पहिल्यांदा गाडी आबाला बघून एकदम हळू व्हायची. मागचे ट्रकवाले हॉर्न मारून शिव्या द्यायचे. मग एका आठवड्यात ते बंद झालं. गाडी सरळ जायला लागली. मला लई कौतुक वाटलं. म्हटलं, शिकली बिचारी. हा माणूस नुसता उभा राहतो, रस्त्यात येत नाही, हे ओळखलं तिनं."

"आणि तुमचा पाय? ब्रेकवर नव्हता?"

"होता. पण दाबायचा नाही, असं होतं. आपण ब्रेक दाबला की तो हस्तक्षेप म्हणून धरतात. हस्तक्षेप जास्त झाले की कुलथेसाहेब बोलावून घ्यायचे. म्हणायचे, दाभाडे, गाडी तुम्ही चालवता की ती? तुम्ही भित्रे आहात म्हणून तिचे मार्क जातात."

"त्या दिवशी आबा रेलिंग ओलांडून रस्त्यात आला. तो येताना तुम्हाला दिसला होता?"

करुणा चहा घेऊन आली. संघपालनं कप हातात घेतला, बशीत ओतला, पुन्हा कपात ओतला. "सगळं एकदमच झालं, ताई," तो म्हणाला.

सुलेखानं प्रश्न पुन्हा विचारला नाही. काही प्रश्नांना घाई केली की माणूस खोटं बोलून मोकळा होतो, आणि या माणसाला खोटं बोलायला लावणं तिच्या जिवावर आलं.

३

ढाब्यासमोर रस्ता रुंद आणि सरळ होता. नजर जाईल तिथवर मोकळं. रेलिंगच्या आत एक जागा पायांनी घासून गुळगुळीत झालेली. तिथून पलीकडचं गायरान पूर्ण दिसायचं. शेजारी एक लोखंडी सांगाडा होता, फ्लेक्स लावायचा. त्यावर आता काही नव्हतं.

मेंढ्यांचा तळ गायरानाच्या कडेला होता. सूर्यभानची बायको सुगंधाबाई एका लंगड्या मेंढीच्या खुरात हळद भरत बसली होती. सुलेखानं आपली ओळख सांगितली. बाईंनी नुसतं ऐकून घेतलं आणि पोतं सरकवून बसायला दिलं.

"मावशी, ते रोज तिथंच उभे राहायचे?"

"तिथंच. मेंढरं हिकडं, पानी तिकडं. मधी उभं ऱ्हायलं की दोनी दिसतंय." त्या उठल्या आणि कोपऱ्यातली काठी घेतली. हनुवटी काठीच्या टोकाला टेकवली, एक पाऊल दुसऱ्या गुडघ्याला लावलं आणि तशाच थांबल्या. सुलेखा बघत राहिली. वारा पदराला लागत होता, पण बाई हलत नव्हत्या. "असं. घटका घटका. पाखरू बसंल खांद्यावर, तरी हलायचा नाय."

"त्या दिवशी मग रस्त्यात कशाला गेले?"

"कोकरू गेलं की रेलिंगीखालनं." त्यांनी काठी परत ठेवली. "ते वाचलं. त्येच, ते बघा, काळ्या कानाचं."

कोकरू दुसऱ्याच मेंढीला ढुशा देत होतं. सुलेखाला त्याच्याकडं बघवेना.

"इथं कधी कुणी हटकलं नाही तुम्हाला? रस्त्याची गस्तवाली माणसं?"

"त्येचंच तर लई नवल." सुगंधाबाई पहिल्यांदाच मोकळं बोलल्या. "आमच्यातला कडुबा सिल्लोडपशी असाच रस्त्याकडंला उभा ऱ्हायाचा. आठ दिसांत गस्त आली. त्याला पळवला, मेंढरं नेऊन कोंडवाड्यात घातली. कोकरं उपाशी मेली बिचारी. दंड भरून सोडवली, तर निम्मी आजारी. आमी म्हनलं, आता आपली पाळी. ह्ये म्हनायचे, आज येत्याल, उद्या येत्याल. पर आमच्याकडं कुनी आलंच नाय. म्हनून तर आमी हितनं हललो नाय."

"गस्तीची गाडी इथून जात नव्हती का?"

"जायाची की. पर थांबायची नाय. जनू ह्ये तिथं नव्हतेच."

सुलेखा परत निघाली तेव्हा हे शेवटचं वाक्य तिच्या डोक्यातून जाईना. गस्तीला म्हातारा दिसत नव्हता. गाडीलाही दिसत नव्हता. दोन्हीकडं तो एकाच वेळी दिसेनासा झाला असेल, तर त्याला कुणीतरी मुद्दाम लपवलं होतं.

४

कंपनीच्या दुसऱ्या मजल्यावर एक लांबट खोली होती. चार मुली पडद्यांसमोर बसल्या होत्या. गाडीच्या कॅमेऱ्यानं दिवसभर टिपलेलं चित्रण इथं यायचं. प्रत्येक गोष्टीभोवती चौकोन काढायचा आणि ती काय आहे ते सांगायचं: ट्रक, दुचाकी, माणूस, गाय, फ्लेक्स. त्यावरून अवधान शिकायची.

"फ्लेक्ससुद्धा?" सुलेखानं विचारलं.

"तोच तर सगळ्यात मोठा ताप आहे," राजेंद्र म्हणाले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ते मनापासून बोलत होते. "परदेशात यंत्रणा बनवणाऱ्यांना हा प्रश्नच नाही. आपल्याकडं प्रत्येक फाट्यावर कुणाचा ना कुणाचा वाढदिवस. माणसाएवढे फोटो, हात जोडून रस्त्याकडं बघतायत. आमची गाडी प्रत्येक भाऊंना बघून ब्रेक मारायची. जीव नकोसा झाला. मग आम्ही सोय केली. मुलींनी एखादी आकृती फ्लेक्स म्हणून नोंदवली की त्या जागी ती आकृती दिसली तरी गाडी थांबत नाही. फ्लेक्स वाऱ्यानं फडफडतो, सुटून रस्त्यावरही येतो, म्हणून तेवढी हालचालही माफ करते."

"आणि खरा माणूस रोज एकाच जागी दिसला तर?"

"तर रस्त्याच्या गस्तीला आपोआप तक्रार जाते. तक्रार असली तरच ते थांबतात. महामार्गाला लागून माणूस किंवा जनावर उभं असणं धोक्याचं. सिल्लोडजवळ एक मेंढपाळ होता, त्याला असाच हलवला."

"मला सूर्यभान दाखवा."

राजेंद्रांनी एका मुलीच्या खांद्यावरून वाकून कळा दाबल्या. ढाबा आला. रेलिंगच्या आत म्हातारा काठीवर हनुवटी टेकवून उभा. त्याच्याभोवती पिवळा चौकोन. त्यावर शब्द होता: फ्लेक्स. पुढच्या फेरीला तेच. त्याच्या पुढच्या फेरीलाही तेच.

राजेंद्रांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. ते खरोखर पहिल्यांदाच बघत होते, की पहिल्यांदा बघतोय असं दाखवत होते, हे सुलेखाला लगेच ठरवता आलं नाही.

"चूक झाली असेल," ते शेवटी म्हणाले. "हलत नाही ना तो. बाजूला सांगाडाही आहे. मुलीला वाटलं असेल, फोटोच आहे."

"दुसरे फ्लेक्स दाखवा."

त्यांनी दाखवले. एकेका नेत्याच्या फोटोभोवती मोठे चौकोन, बांबूच्या आणि लोखंडाच्या चौकटीसकट. सुलेखा पुन्हा म्हाताऱ्यापाशी आली. इथला चौकोन माणसाला घट्ट बसलेला होता, मुंडाशापासून पायापर्यंत आणि काठीच्या टोकापर्यंत. शेजारचा सांगाडा त्याच्या बाहेर होता.

"फ्लेक्स समजून काढला असता तर चौकट आत आली असती. हा माणूस ओळखून काढलाय," ती म्हणाली. "आणि माणूस ओळखून वर फ्लेक्स लिहिलंय. ही चूक नाही."

सुलेखा राजेंद्रांकडं बघत राहिली. गेल्या महिन्यात दिल्लीहून पाहुणे चाचणी बघायला आले होते, हे तिनं खाली स्वागतकक्षातच ऐकलं होतं. पाहुणे आत बसलेले असताना गाडीनं म्हाताऱ्याला बघून गचके दिले असते, तर कुणाची पंचाईत होणार होती?

"मला माहीत आहे तुम्ही काय विचार करताय," राजेंद्र म्हणाले. "पण मी कशाला असलं करू? मला तो तिथं नको असता तर काही करायचीच गरज नव्हती. माणूस म्हणून राहू दिला असता. तक्रार गेली असती, आठ दिवसांत गस्तीनं हलवला असता. सिल्लोडला तेच केलं."

खरं होतं. राजेंद्र चलाख असोत नसोत, आळशी नक्की होते, आणि आळशी माणूस अवघड वाट धरत नाही. सुलेखाच्या मनातली गाठ तिथंच सुटली. हे ज्यानं केलं त्याला गाडीची फिकीरच नव्हती. त्याला ती तक्रार जायला नको होती.

"या नोंदी कुणी केल्या?"

"कळणार नाही. चौघी संगणकावर एकाच नावानं काम करतात."

मुली आता भीत भीत बोलायला लागल्या. एकीनं विचारलं, पोलीस इथं येणार का. दुसरीनं विचारलं, संघपालदादांना किती शिक्षा होईल. तिसरीनं विचारलं, कंपनी बंद पडेल का. चौथी खिडकीपाशी होती, हातात हिरव्या बांगड्या, केस चापून बसवलेले. सगळ्यांचं झाल्यावर तिनं पडद्याकडं बघतच विचारलं, "त्यांची मेंढरं आता कोण वळतंय?"

५

तिचं नाव ज्ञानेश्वरी. सुटी झाल्यावर सुलेखानं तिला समोरच्या चहाच्या टपरीवर बसवलं. ऊन उतरलं होतं आणि कामगारांच्या बसगाड्या भरून सुटत होत्या.

"गाव कोणतं तुझं?"

"फर्दापूरजवळ. वस्तीवर."

"घरी मेंढरं?"

"बापाची होती. आता थोडीच उरलीत."

"कडुबा तुझा कोण?"

ज्ञानेश्वरीनं कप खाली ठेवला. चहा हिंदकळून बाकावर सांडला. बराच वेळ ती ओढणीनं तो डाग पुसत राहिली.

"चुलता," ती म्हणाली.

"मी सांगते, चुकलं तर थांबव," सुलेखा म्हणाली, आणि तिचा नेहमीचा तिखट आवाज कुठच्या कुठं गेला होता. "आज तुम्ही चौघीही माझ्याशी बोललात. तिघींना पोलिसांची, शिक्षेची, नोकरीची काळजी. मेंढरांची फक्त तुला. म्हातारा तुझ्या पडद्यावर आला, तेव्हा बाकीच्यांना तो पुतळा वाटला असता. तू ओळखलंस की हा माणूस आहे आणि कळप बघतोय. म्हणूनच चौकोन तू काठीच्या टोकापर्यंत काढलास. माणूस लिहिलंस तर गस्त येणार, हे तुला माहीत होतं. कडुबाचं झालं तसंच त्याचं होणार. म्हणून तू त्याला फ्लेक्स केलंस."

"चुलत्याचं मीच केलं होतं," ज्ञानेश्वरी म्हणाली. "नवीन होते मी. सिल्लोडच्या रस्त्यावर आमच्यातलं माणूस दिसलं म्हणून मला लई आनंद झाला. मी लिहिलं, माणूस. बरोबरच लिहिलं होतं ना, ताई? मुंडासं बांधलेलं, तोंड दिसत नव्हतं. आठ दिवसांनी घरी गेले तर चुलता आमच्या दारात बसलेला. कोकरं मेली म्हणून रडत होता. मी कुणालाच सांगितलं नाही, की ते मी केलं."

"आणि मग हे आबा."

"मला त्यांचं नाव पण माहीत नव्हतं. नुसतं उभं राहणं ओळखलं. म्हटलं, यांचं तरी नको. रोज मी त्यांना बघायचे आणि रोज फ्लेक्स लिहायचे. कामावर आल्यावर पहिलं तेच करायचे. मनाला बरं वाटायचं. एक माणूस तरी मी वाचवला, असं वाटायचं."

सुलेखानं तिचा हात धरला. गुन्हेगार सापडला की इतकी वर्षं तिला एक समाधान वाटायचं. आज ते वाटलं नाही.

"एकच विचारते, आणि खरं सांग. फ्लेक्स लिहिलं की गाडी थांबणार नाही, हे तुला माहीत होतं?"

ज्ञानेश्वरी तिच्याकडं बघतच राहिली. "फ्लेक्स लिहिलं की तक्रार जात नाही, एवढंच सांगितलं होतं आम्हाला. गाडीचं काय… ताई, गाडीला तर कॅमेरे आहेत ना? तिला दिसतं ना सगळं?"

दुसऱ्या दिवशी सुलेखानं राजेंद्रांना गाठलं. मुलींच्या एका शब्दावर गस्तीची तक्रारही अडायची आणि गाडीचा ब्रेकही. या दोन गोष्टी एकाच कळीला कुणी बांधल्या? राजेंद्रांनी आधी टाळाटाळ केली, मग मान खाली घातली. वेळ कमी होता. पाहुणे यायचे होते. दोन वेगळ्या सोयी करायला आणखी काही आठवडे लागले असते. आणि मुलींना एवढं खोलात जाऊन सांगायची गरज वाटली नव्हती.

"त्यांना नुसते चौकोनच तर काढायचे होते," ते म्हणाले.

६

सुलेखानं अहवाल लिहिला. गस्तीची तक्रार अडवणारी आणि ब्रेक रोखणारी कळ एकच ठेवली, ती ठेवणाऱ्यानं वापरणाऱ्यांना सांगितलं नाही, आणि ब्रेक दाबणाऱ्या चालकाला भित्रा ठरवलं. दोष तिथं आहे, असं तिनं स्पष्ट मांडलं. ज्ञानेश्वरीचं नाव घालायचं की नाही यावर ती फार वेळ अडून राहिली. शेवटी तिनं तिलाच विचारलं. ज्ञानेश्वरी म्हणाली, "घाला. पण आधी मला त्यांच्या घरी न्या. कागदावरून त्यांना कळायला नको."

निघताना संघपालही येऊन उभा राहिला. करुणानं त्याला पाठवलं होतं. इतके दिवस तो त्या रस्त्यानं गेलाच नव्हता.

सुगंधाबाई मेंढरांना पाणी दाखवून परतत होत्या. ज्ञानेश्वरीनं उभ्यानंच सगळं सांगितलं, आपल्या बोलीत, काही न गाळता. सुगंधाबाई काठीवर हनुवटी टेकवून ऐकत होत्या. मेंढ्या त्यांच्या पायांभोवती घोटाळत होत्या.

"कडुबाची पुतनी व्हय तू," शेवटी त्या म्हणाल्या. "शिकली म्हनं लई."

ज्ञानेश्वरीनं मान हलवली.

"तुझ्या जागी मी असते, तर मीबी लपवलं असतं पोरी. दुसरं काय केलं असतं? आमी आजवर ज्याला कुनाला दिसलो, त्यानं हाकललंच." त्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि तो तिथंच राहू दिला. ज्ञानेश्वरी रडायला लागली.

मग सुगंधाबाईंनी डोळे पुसले आणि मागं उभ्या असलेल्या संघपालकडं बघितलं.

"तू गाडीत व्हतास?"

"व्हय, मावशी."

"गाडीला माझा मालक दिसला नाय, आसं ह्या बाई म्हनत्यात. हिनं लपवला व्हता म्हनून."

"व्हय."

"आन् तुला?"

सुलेखाला त्याला थांबवावंसं वाटलं. याच्या उत्तराची आता कुणालाच गरज नव्हती. अहवालात ते कुठं नव्हतं, पोलिसांनाही नको होतं.

"मला दिसले होते," संघपाल म्हणाला. "रेलिंगला हात लावला, पाय टाकला, सगळं दिसलं. माझा पाय ब्रेकवर होता. मला वाटलं, गाडी मारेल ब्रेक. आपण दाबला तर साहेब बोलतील. एवढाच विचार आला, मावशी. तो विचार संपेपर्यंत…"

सुगंधाबाईंनी त्याला शिवी दिली नाही, माफही केलं नाही. त्या कळपाकडं वळल्या आणि मागं राहिलेल्या मेंढ्यांना हाळी घालू लागल्या.

तिघं परत निघाली. संघपालला सोडवणारा अहवाल सुलेखाच्या पिशवीत होता. वाटेत त्यानं तो एकदाही मागितला नाही, आणि तिनंही काढला नाही.